अंगठा लागत नाही

काजू शिकायला कॉलेजात जातात हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर मी समजत होते, काजू शिकायला काजूच्या फॅक्टरीत जातात. जाऊ नाहीतर शेजारीण हाताला धरून नेते, पहिल्या आठवड्यात बोटं सोलवटतात, दुसऱ्यात रडू येतं, तिसऱ्यात सवय होते. झालं शिक्षण. मी तशीच शिकले, त्याला आता सव्वीस वर्षं होतील.

मी मालन. माहेर अलोऱ्याचं, सासर रत्नागिरीचं, कुवारबावच्या आत आमची वाडी. नवरा मुंबईत एका सोसायटीत वॉचमन आहे, गणपतीला आणि शिमग्याला घरी येतो. मी महिपतशेठच्या काजू फॅक्टरीत कटिंगला बसते. बी वाफवून गार झाली की पायाच्या मशीनवर एकेक धरून कापायची. टरफलात काळा चीक असतो. तो लागला की कातडी भाजते, काळी पडते आणि मग सालपटं निघतात. शेठ हातमोजे देतो, खोटं कशाला बोलू? पण मोजे घालून बी चिमटीत धरता येत नाही आणि मजुरी किलोवर. म्हणून मोजे खिळ्याला टांगलेले असतात आणि आम्ही बाया हाताला एरंडेल चोळून बसतो.

कापून, सुकवून, पातळ साल काढून झाली की प्रतवारी. दोनशेदहा, दोनशेचाळीस, तीनशेवीस. एका पौंडात किती गर बसतात तो हा आकडा. आकडा लहान तेवढा काजू मोठा. मोठी ऑर्डर आली की शेठ मला कटिंगवरून उठवून प्रतवारीला बसवतो. मी गर नुसता बोटांवरून फिरवला तरी कुठल्या ढिगात टाकायचा ते हाताला कळतं. ही बढाई नाही, शेठला विचारा.

तर गेल्या ऑगस्टात फॅक्टरीत एक सर आले. सुजय सर, सिंधुदीप कॉलेजचे. वय पस्तिशीच्या आत, पाठीला सॅक, हेल्मेट काखोटीला. शेठच्या केबिनमध्ये मला बोलावणं आलं. मला वाटलं, वजनात काहीतरी चूक सापडली.

“मालनताई,” सर म्हणाले, “आम्ही मायक्रो-क्रेडेन्शियल सुरू करतोय.”

मी शेठकडे बघितलं. शेठने माझ्याकडे बघितलं. दोघांनाही काही कळलं नाही, पण शेठ शेठ असल्यामुळे त्याने मान हलवली.

“म्हणजे कसं,” सर म्हणाले, “पदवी म्हणजे अख्खा फणस. तीन वर्षं वाहून न्यायचा. आता इंडस्ट्रीला अख्खा फणस नको, सुटे गरे हवेत. एक कौशल्य, तीस तास, दोन श्रेयांक, एक डिजिटल बॅज. मोबाइलवर दिसतो.”

“आणि फणस कापायचा कोणी?” मी विचारलं.

सर हसले. कॉलेजातली माणसं उत्तर नसलं की हसतात, हे मला पुढे अनुभवाने कळलं.

कॉलेजात तपासणी समिती येणार होती म्हणे, आणि ती यायच्या आत असे बारा कोर्स कागदावर चालू दिसायला हवे होते. अकरा झाले होते. त्यात एक सोलकढी उद्योजकतेचा होता आणि एक पाहुण्यांचं हसतमुख स्वागत करण्याचा. पाहुण्यांचं स्वागत शिकायला रत्नागिरीकरांना तीस तास पुरतील का, ही शंका मी मनातच ठेवली. बारावा कोर्स ‘काजूगर प्रक्रिया व प्रतवारी, स्तर चार’. पुस्तकी भाग सर घेणार होते. प्रात्यक्षिकाला माणूस हवा होता.

“ही आमची मालन,” शेठ म्हणाला, “काजूतली पीएचडी.” आणि स्वतःच मोठ्याने हसला.

मी सहा शनिवार गेले. कागदावर मी ‘उद्योगतज्ज्ञ’ होते. वर्गात बीकॉमची चाळीस पोरं. पहिल्या दिवशी तीन किलो काजूगर नेले, परत आणताना दोन किलो भरले. प्रतवारी शिकली की नाही देव जाणे, पण चव सगळ्यांनी तपासली. सुजय सर मागच्या बाकावर बसून फोटो काढायचे, कारण प्रत्येक तासाचा फोटो पोर्टलवर चढवायला लागायचा. एकदा पोरं आली नाहीत तर त्यांनी माझाच चार बाजूंनी फोटो काढला.

तेव्हा माझ्या उजव्या अंगठ्याला चीक उतून मोठी जखम झाली होती. चिंधी बांधलेली. म्हणून प्रतवारी मी डाव्या हाताने दाखवली. एका पोराने विचारलं, “काकू, डाव्याच हाताने का?” जखम ठणकत होती, डोकं तापलेलं होतं. मी फटकन म्हटलं, “डावा हात हृदयाच्या बाजूला असतो ना, म्हणून.” सगळा वर्ग खाली मान घालून लिहायला लागला. मला हसू आलं. तेव्हाच थांबवायला हवं होतं, पण म्हटलं, लिहू दे, एवढी चाळीस पोरं माझं बोलणं लिहून घेतात असं आयुष्यात पुन्हा कधी होणार?

त्या चाळिसांत एक पोर होती दर्शना. मिऱ्याची. बाप होडीवर खलाशी. ती काजू खायची नाही. तास संपला तरी ढीग पुढ्यात घेऊन बसायची आणि विचारायची, “काकू, हा दोनशेचाळीस ना? मग हा तीनशेवीस का?” तिला हात होता. मी तिला सांगितलंही, “तुला हात आहे गो, पण तू यात पडू नको.”

शेवटी समारंभ झाला. मला शाल आणि नारळ मिळाला, पोरांना बॅज मिळाले. पोरांनी ते व्हॉट्सअ‍ॅपवर लावले. गोल, सोनेरी, मध्ये काजूचं चित्र, तेही उलटं. चिमा माझ्या बाजूच्या मशीनवर बसते. ती तो बॅज बघून म्हणाली, “मालनवयनी, तू शिकवलंस तर तुला काय?” मी म्हटलं, “मला नारळ.”

इथवर सगळी गंमत होती. दिवाळीला गंमत संपली.

शेठला परदेशातली मोठी ऑर्डर मिळाली. त्या लोकांची अट अशी की प्रतवारीवर प्रमाणपत्रवाला सुपरवायझर हवा, आणि दर लॉट निघताना त्याने मशीनवर अंगठा लावून पास करायचा. शेठने मला बोलावलं. “मालन, खुर्ची तुझी. एक मार्चपासून. कटिंग बंद. फक्त तो बॅज घेऊन ये. कोर्स तूच शिकवलास, तुला काय अवघड?”

मी बाहेर आले आणि पंप-हाऊसच्या मागे जाऊन रडले. सांगायला लाज कसली? त्याच्या आदल्या महिन्यात सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईंनी माझे हात उलटेपालटे करून बघितले होते. “चीक सोडा,” त्या म्हणाल्या, “नाहीतर ही कातडी आता धरायची नाही.” सोडा म्हणायला काय जातं? भाकरी थापताना पिठातलं मीठ लागलं तरी डोळ्यांतून पाणी यायचं. तीन महिने भाकरी चिमाच थापून देत होती. आणि आता कोणीतरी म्हणत होतं, खुर्चीवर बस, सुके गर बघ, टरफलाला हात लावू नको. मला खुर्चीचा मान नको होता. मला माझे हात हवे होते.

दुसऱ्याच दिवशी कॉलेज गाठलं. सुजय सरांनी लॅपटॉप उघडला, नाव घातलं, एक लहानसं काळं यंत्र पुढे सरकवलं. “अंगठा ठेवा, ताई. ओळख पटली की नोंदणी झाली.”

मी अंगठा ठेवला. लाल दिवा. ‘जुळले नाही. पुन्हा प्रयत्न करा.’

पुन्हा. लाल. डावा अंगठा. लाल. मग एकेक करून दहाही बोटं. सरांनी यंत्र पुसलं, माझी बोटं पुसली, शिपायाकडून लिंबू मागवलं, मग कोणाचं तरी क्रीम. शेवटी सरांनी माझा अंगठा उजेडात धरला. त्यावर एकही रेघ नव्हती. सव्वीस वर्षांच्या चिकाने सगळं घासून साफ केलं होतं.

“अहो, मग फोनवर नंबर येतो तो?” मी विचारलं.

“ओटीपी. तो आधार कार्डाला जोडलेल्या मोबाइलवर जातो. तुमचा कुठला जोडलाय?”

जोडलेला होता नवऱ्याचा जुना नंबर, तो बंद पडून चार वर्षं झाली. बदलून घ्या म्हणाले. बदलायला काय लागतं? अंगठा. डोळ्यांवरून ओळखणारं मशीन कॉलेजने मागवलं होतं, त्याची मंजुरी यायची होती.

“पण सर, मी तुमच्याकडे सहा शनिवार शिकवलं तेव्हा कोणी अंगठा मागितला नाही.”

“तेव्हा तुम्ही तज्ज्ञ होता. तज्ज्ञाची ओळख लागत नाही. विद्यार्थ्याची लागते.”

आमची सासू अंगठेबहाद्दर होती. जन्मभर तिला लोकांनी त्यावरून चिडवलं. मी नववी शिकले, झोकात सही करते, आणि यांना नेमका अंगठा हवा! सासू असती तर दहा मिनिटांत बॅज घेऊन आली असती.

सर माणूस वाईट नव्हे. त्यांनी कुठे कुठे फोन केले आणि म्हणाले, “एकच उपाय आहे. दोनेक महिने चिकात हात घालू नका. कातडी नवीन येते, रेघा परत येतात.”

म्हणजे काजूचं सर्टिफिकेट मिळवायचं तर काजू सोडायचे. हे मी चिमाला सांगितलं तर ती हातातली बी टाकून हसत सुटली. “वयनी, लग्नाचा दाखला हवा तर आधी नवरा सोड म्हणतील!”

पण मी सोडलं. डिसेंबर आणि जानेवारी बिनपगारी रजा. शेठ कुरकुरला, मी सांगितलं, तुमच्याच खुर्चीसाठी चाललंय. घरात भांड्याला हात लावला नाही. सकाळ-संध्याकाळ खोबरेल. वाडीतल्या बाया येऊन माझे हात बघून जायच्या, बाळंतिणीला बघायला यावं तशा. एक म्हणाली, “राणी झालीस गो.” मी म्हटलं, “राणीला पगार असतो.”

जानेवारी सरता सरता एक दिवस मी दारात उन्हाला बसले होते आणि अंगठ्यावर बारीक बारीक रेघा दिसल्या. गोल गोल, एकात एक. मला आठवेना, शेवटच्या कधी बघितल्या होत्या. मला इतका आनंद झाला, इतका, की मी तो अंगठा शेजारच्या गुरवाच्या म्हाताऱ्याला नेऊन दाखवला. तो म्हणाला, “अंगठाच आहे तो. त्यात काय?” त्या दिवशी सहा महिन्यांनी मी भाकरी थापली. मीठ झोंबलं नाही.

कॉलेजात यंत्रावर अंगठा ठेवला. हिरवा दिवा! सुजय सरांनी टाळी वाजवली. मग पुढचा रकाना आला. ‘सध्या या क्षेत्रात कार्यरत आहात का?’

“नाही,” मी म्हटलं, “दोन महिने रजेवर आहे. तुम्हीच सांगितलंत ना?”

सरांचा चेहरा उतरला. अनुभवी माणसाला थेट परीक्षा देता येते, तास भरावे लागत नाहीत. पण अनुभवी कोण? ज्याची मागच्या साठ दिवसांची सलग हजेरी आहे तो. माझी हजेरी शून्य. काम केलं तर अंगठा नाही, अंगठा आणला तर काम नाही. पोर्टलने मला ‘नवशिके’ या रकान्यात टाकलं. सव्वीस वर्षं धुऊन साफ, माझ्या जुन्या अंगठ्यासारखी.

“मग आता?”

“तीस तास भरायचे. फेब्रुवारीत बॅच आहे, शनिवार-रविवार. महिनाअखेर परीक्षा. एक तारखेच्या आत होईल, ताई, काळजी नको.”

“शिकवणार कोण? मीच तर शिकवत होते.”

सरांनी चष्मा पुसला. प्रशिक्षक प्रमाणित हवा असा नवा नियम आला होता. प्रशिक्षकांचं प्रशिक्षण म्हणून एक दिवसाचा ऑनलाइन कोर्स होता, जेवणाच्या सुट्टीसकट. तो आमच्या चाळिसांतल्या एकीने केला होता. दर्शनाने.

मी रजा आणखी महिनाभर वाढवली. पहिल्या शनिवारी मी बाकावर बसले आणि दर्शना फळ्याजवळ उभी राहिली. पोरगी लाजेने अर्धी झाली होती. “काकू, तुम्ही पुढे या ना,” म्हणाली. मी म्हटलं, “शिकव गो. पोर्टलवर फोटो जायचाय.” मग ती पडद्यावरचं वाचू लागली. शब्द न शब्द माझा. ‘गर चिमटीत दाबू नये, बोटांवरून फिरवावा.’ ‘डागी गर उजेडाकडे धरून बघावा.’ माझं बोलणं कोणीतरी धुऊन, इस्त्री करून तिथे टांगलं होतं. मला रागही आला आणि बरंही वाटलं. एवढं सगळं मी बोलले होते?

मग आलं, ‘प्रतवारी नेहमी डाव्या हाताने करावी. डावा हात हृदयाच्या बाजूस असल्याने एकाग्रता वाढते.’

मी बाकावरून उडालेच. “दर्शना, हे काय?”

“काकू, तुम्हीच सांगितलं होतं.”

“अगो, माझा उजवा अंगठा फुटला होता! चिंधी बांधलेली दिसली नाही तुम्हाला?”

वर्ग हसला. दर्शना हसली नाही. तिने सुजय सरांना सांगितलं, सरांनी वर कळवलं. वरून उत्तर आलं, अभ्यासक्रम मंजूर झाला आहे, बदल पुढच्या आवर्तनात. तोवर डावा हातच बरोबर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि मी तर चाळीस जणांना दाखवला होता.

परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी. दहा प्रश्न, सात बरोबर हवेत. कॉम्प्युटरवर टिचकी मारायची. पर्यवेक्षक दर्शना.

पाच प्रश्न काजूचे होते, ते मी डोळे झाकून सोडवले. मग भलतेच सुरू झाले. ‘कामाच्या ठिकाणी प्रभावी संवाद कसा साधावा?’ चार पर्यायांत ‘द्विमार्गी’ असं काहीतरी होतं, मी ‘जेवणाच्या सुट्टीत’ वर टिचकी मारली, कारण आमच्याकडे तेव्हाच साधतात. ‘आपल्या भावनिक बुद्धिमत्तेचा वापर’ कुठे करायचा म्हणे. तिथे डोळे मिटून टिचकी. नववा प्रश्न, ‘काजूगराची प्रतवारी कोणत्या हाताने करावी?’ उजव्या, डाव्या, दोन्ही, यांपैकी नाही.

मी थांबले. दर्शना माझ्या बाकाजवळून गेली आणि हळूच खोकली. परत आली. वाकून, खाली पडलेलं पेन उचलावं तसं करत कुजबुजली, “काकू, डावा. पुस्तकात डावा आहे. टाका ना.”

मला ठाऊक होतं डावा आहे. माझ्याच तोंडून निघालेला होता. एक टिचकी, बस. पण मला तो अंगठा आठवला, ती चिंधी, त्यातून ओघळणारा पू. माझी जखम यांनी पुस्तकात घातली. उद्या आणखी पोरी येतील, त्यांना डाव्या हाताने बसवतील, त्यांचा उरक अर्धा होईल आणि मजुरी किलोवर. आणि त्या खोट्यावर सही माझी? डोक्यात तिडीक गेली. मी ‘उजव्या’ वर टिचकी मारली. एवढी जोरात की दर्शना दचकली.

मनात हिशेब होता, हा एक आणि डोळे मिटून मारलेला एक गेला तरी आठ येतात. आले सहा. संवाद गेला, भावना गेली, दहावा ‘संघभावना’ होता तोही गेला. पडद्यावर आलं, ‘अनुत्तीर्ण. नव्वद दिवसांनी पुनर्परीक्षा.’

मूर्खपणा केला? केला असेल. घरी येऊन मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की शेजारच्या गुरवाच्या म्हाताऱ्याला वाटलं, नवरा आला मुंबईहून.

एक मार्चला शेठने दर्शनाला खुर्चीवर बसवलं. तिच्याकडे दोन बॅज होते, अंगठा होता. तिला घरची गरज होती. ती नाही कसं म्हणणार? शेठने मला बोलावलं. त्याला स्वतःची युक्ती फार आवडली होती, ती सांगताना तो खूश दिसत होता.

“हे बघ मालन. ती खुर्चीवर बसेल, तू बाजूला उभी राहायचं. तू बघायचं, तू सांगायचं, अंगठा तिने लावायचा. पोर नवीन आहे, तिला कुठे कळतंय?”

“मजुरी?”

“हेल्परची. तुझ्याकडे बॅज नाही, मी तरी काय करू?”

“आणि लॉट परत आला तर चूक कोणाची?”

“तुझी. अनुभवी तू ना!”

मी शेठच्या तोंडाकडे बघत राहिले. तो थट्टा करत नव्हता. मी म्हटलं, “शेठ, माझं मशीन मोकळं आहे का?” आणि जाऊन कटिंगला बसले. चिमाने एरंडेलाची वाटी माझ्याकडे सरकवली.

पुढच्या महिन्यात ऑर्डरवाल्यांचा माणूस तपासणीला आला. त्या दिवशी शेठने प्रतवारीच्या अठरा बायांना डाव्या हाताने बसवलं, पुस्तकात तसं होतं म्हणून. अठराच्या अठरा बाया डाव्या हाताने चाचपडतायत, गर घरंगळून लादीवर जातायत आणि तो माणूस वहीत लिहितोय. त्याने ‘एकसारखी पद्धत’ या रकान्यात पूर्ण गुण दिले. त्याची गाडी फाटकाबाहेर पडली आणि सगळ्यांनी हात बदलले.

दर्शना रोज जेवणाच्या सुट्टीत पदराआड मूठभर गर घेऊन कटिंगच्या शेडमध्ये यायची. “काकू, हे दोनशेदहात घालू की खाली?” मी सांगायचे. सांगायचं नाही असं ठरवून बघितलं होतं एकदा, जमलं नाही. तिला शिकवण माझी, ती चुकली तर मलाच झोंबलं असतं. आणि ती पोर माझ्या हातांकडे बघायची नाही. मशीनवर परत बसल्यावर दुसऱ्या आठवड्यात माझ्या रेघा पुसट झाल्या. पाचव्यात गेल्या. जखम परत त्याच जागी उघडली.

मेअखेर माझ्या फोनवर मेसेज आला. नव्वद दिवस पूर्ण झाले, पुनर्परीक्षेसाठी बोटांची पडताळणी करून घ्यावी. चिमाने मोठ्याने वाचला, कारण माझे दोन्ही हात चिकात होते. शेडमधल्या बाया हसल्या. मीही हसले. रडून तरी काय करणार?

दर्शना मुठीत गर घेऊन शेडच्या दारात उभी होती, तिने ऐकलं. ती आत आली, तशी कधी यायची नाही मशीनपर्यंत. डोळे लाल झालेले.

“काकू, मला हे सहन होत नाही. तुम्ही खुर्चीवर बसा. मी कटिंग शिकते. एक दिवस मी, एक दिवस तुम्ही. शेठना मी बघते. तुमचे हात बरे होतील, मग तुम्ही परीक्षा द्या.” आणि बोलता बोलता तिने माझ्या पुढ्यातल्या कापलेल्या टरफलांच्या ढिगात हात घातला.

मी तिचं मनगट असं हिसकलं की तिची बांगडी फुटली. “हात लावू नकोस!” मी ओरडले. सगळी मशीनं थांबली. पोर घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी पदराने तिचा अंगठा पुसला, एकदा, दोनदा, रेघा दिसेपर्यंत, मग एरंडेल लावून परत पुसला.

“तुझा अंगठा गेला तर उद्या लॉट पास होणार नाही,” मी तिला म्हटलं. “मग तुझी खुर्ची जाईल आणि या बायांचं काम थांबेल. आपल्या दोघींत मिळून चालणारा अंगठा एकच आहे, दर्शना. तो या शेडमध्ये आणायचा नाही.”

ती रडत होती. मी तिच्या हातातले गर घेतले, बोटांवरून फिरवले आणि परत दिले.

“दोनशेचाळीस आहेत. जा, लाव जा.”